हुंकाराची जागा

दुपारी दीड वाजता भिंगरीने टेप चौथ्यांदा मागे घेतली, तेव्हा वहिनीने चहाचा ट्रे सरळ पियानोच्या उघड्या पोटावर ठेवून दिला. दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर तिने घर डोक्यावर घेतलं असतं.

“पुरे गं आता,” ती म्हणाली. “अंगावरचा एक काटा बसतोय न बसतोय तोवर तू दुसरा आणतेस.”

“आई, तुला ऐकू आला की नाही, एवढंच सांग.”

“आला.”

“बाबा?”

दादा खिडकीशी पाठमोरा उभा होता. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं. वारा पडलेला, आभाळ जुन्या पातेल्याच्या बुडासारखं, आणि समोरच्या दुकानाचं शटर खाली. “यंत्रात बिघाड असेल काहीतरी,” तो काचेकडे बघूनच म्हणाला.

“यंत्र तुम्हीच दुरुस्त केलंय.”

“मग माझ्यात असेल.”

दादाची बहीण, मधली, खालच्या स्टुलावर बसून एका सॅक्सोफोनच्या झडपांना नव्या गाद्या बसवत होती. दिव्यावर लाख तापवायची, थेंब सोडायचा, चामड्याची गादी ठेवायची आणि लाख थिजेपर्यंत अंगठ्याने दाबून धरायची. चौतीस वर्षं ती हे काम करत आली होती. आज अंगठा तेवढा वेळ स्थिर राहत नव्हता.

दुकान आज बंद होतं. घरातल्या कुणी काही नवं बसवलं की ते बाहेर जाण्याआधी घराने एकत्र बसून ऐकायचं, ही नानांनी घालून दिलेली चाल. नाना म्हणजे दादा-मधलीचे वडील. वाद्यदुरुस्तीचं हे दुकान त्यांनीच काढलं. त्यांना जाऊन वीस वर्षं झाली, तरी वरच्या मजल्यावरच्या कारखान्यात त्यांची कानस त्यांच्याच खिळ्याला टांगलेली होती. तिथेच, भिंतीवरच्या गिटारी आणि अर्धवट सोललेल्या पियानोच्या मध्ये, दादाच्या मुलीने आपली पहिली रेकॉर्ड केली होती. सोल आणि ब्लूजची नऊ गाणी. ड्रम तिचे, बास तिचा, गिटार, ऑर्गन, सॅक्सोफोन, माउथ ऑर्गन, सगळं तिचंच. एक वाद्य वाजवायचं, टेप मागे घ्यायची, ते ऐकत दुसरं वाजवायचं. लहानपणी एका जागी बूड टेकत नव्हती म्हणून भिंगरी नाव पडलं. आता टेपवर एकाच वेळी सात भिंगऱ्या बसल्या होत्या.

चार वाजता रेकॉर्ड कंपनीचा माणूस टेप न्यायला येणार होता. येताना सहीचा कागद आणणार होता: यातलं प्रत्येक वाद्य आणि प्रत्येक आवाज माझा स्वतःचा आहे. कंपनीने रेकॉर्ड घेतली होती ती याच एका गोष्टीवर. एकवीस वर्षांची एकटी मुलगी आणि सगळी वाद्यं, अशी जाहिरातही छापून तयार होती.

आणि टेपवर दुसरी एक बाई गात होती.

“कुठल्या गाण्यात सापडली आधी?” वहिनीने विचारलं.

“काल संध्याकाळी सातव्यात. मला वाटलं मीच कधीतरी गुणगुणले असेन. आज सकाळी लावलं तर पाचव्यात. तुम्ही सगळे बसलात तेव्हा तिसऱ्यात.”

“म्हणजे पुढे पुढे येतेय?”

“आई, असं नको ना म्हणूस.”

“मी कुठे काय म्हणतेय? तूच सांगतेस, मी आकडे लावतेय.”

भिंगरीने बटण दाबलं. दुसरं गाणं सुरू झालं. आधी ड्रम, दमलेल्या माणसाने जिना चढावा तसे, मग ऑर्गन, मग तिचा आवाज. एवढीशी पोर, पण आवाज असा की भांड्यातलं पाणी हलावं.

*दाराला कडी नाही, तरी दार उघडत नाही…*

आणि ओळीमागून नुसते ड्रम. बाकी सगळं गप्प.

ही जागा या घराची. बाहेरच्यांना ती चूक वाटली असती. या गाण्यांत एकाने विचारायचं आणि दुसऱ्याने उत्तर द्यायचं, हे सगळ्या जगात आहे. पण उत्तर द्यायला कुणी असेल तर. नानांचं तसं नव्हतं. गोष्ट सांगणाऱ्याला हुंकार लागतो तसा गाणाऱ्यालाही लागतो, असं ते म्हणायचे. “गाणं म्हणजे विचारपूस आहे. विचारलंस की थांब. कुणी हूं म्हटल्याशिवाय पुढे पळालास तर तो बोभाटा झाला, गाणं नव्हे.” म्हणून या घरातली पोरं न्हाणीघरात एकटी गातानासुद्धा ओळीमागून थांबायची, आणि भिंतीपलीकडून कुणीतरी हूं म्हणायचं. भिंगरी दादाकडून शिकली, दादा नानांकडून. सगळं एकटीने वाजवायला बसली तेव्हाही तिने प्रत्येक ओळीमागे हुंकाराची जागा सोडली, आणि सोडली हे तिला रेकॉर्ड पुरी होईपर्यंत कळलंसुद्धा नाही. कंपनीचा माणूस म्हणाला होता, इथे थोडी गिटार भर की. तिचा हात गेला नव्हता.

आता त्या जागेत कुणीतरी दातांमधून श्वास घेतला.

*सरक जराशी, सरक…*

आवाज तरुण होता, हळू होता, आणि माइकपासून लांब नव्हता. वहिनीने कानांवर हात ठेवले. मधलीने भिंतीकडे पाहिलं. या खोलीत कुणी नुसतं खाकरलं तरी भिंतीवरच्या दोन-चार तारा बारीक गुणगुणायच्या. भिंगरीच्या ओळीला त्या गुणगुणल्या होत्या. या आवाजाला एकही तार हलली नाही.

“दुसरं,” वहिनी म्हणाली. “आता दुसऱ्यात आली.”

दादा खिडकीपासून वळला. “टेप जुनी असेल. नानांच्या पेटीतली. खालचं पुसलं गेलं नसेल नीट.”

“नव्या टेपा आहेत, बाबा. खोके मी फोडले.”

“मग शेजारचा रेडिओ.”

“शेजारचा रेडिओ माझ्या गाण्याची उत्तरं देतो?” भिंगरी यंत्रापाशी उकिडवी बसली. “हे बघा. टेपवर प्रत्येक वाद्याची पट्टी वेगळी आहे. मी एकेकीचा आवाज खाली आणते.” तिने ऑर्गन बंद केला. बाई गातच होती. गिटार, बास, स्वतःचा आवाजही बंद केला. बाई गात होती. शेवटी ड्रमची पट्टी खाली ओढली, आणि खोली एकदम शांत झाली. “ती ड्रमच्या पट्टीवर आहे. ड्रम मी सगळ्यात आधी वाजवले, गेल्या थंडीत. तेव्हा या गाण्याला शब्दच नव्हते. दाराची ओळ मला दोन महिन्यांनी सुचली.”

ट्रेमधल्या चहावर साय धरली.

मग वहिनीच बोलली. या घरात सून म्हणून आल्यापासून जे कुणी बोलणार नाही ते बोलायचं काम तिच्याकडेच होतं. “सगळे ओळखून बसलेत आणि तोंड कुणी उघडत नाही. मी या घरात आले तेव्हा सहा महिने ऐकलाय तो आवाज. धाकट्या वन्संचा आहे.”

दादाने खुर्चीची पाठ धरली.

धाकटीला जाऊन बत्तीस वर्षं झाली होती. वीस वर्षांची होती. घरात तिचा एकच फोटो, तोही कपाटाच्या आतल्या दाराला. भिंगरीला तिची गोष्ट एवढीच माहीत होती, जेवढी घर सांगायचं: शहरात तिच्या रेकॉर्डिंगची तारीख ठरली होती, दादाने त्या दिवशी दुकानाची गाडी दिली नाही, कारण एका शाळेत पियानो पोचवायचा होता, ती धुक्यात चालत बसथांब्याकडे निघाली, आणि पुलावर ट्रक आला. दादाने त्यानंतर गाडीचं चाक हातात धरलं नाही. दोन पोरांची बाळंतपणं झाली, नानांना दवाखान्यात न्यायची वेळ आली, दर वेळी वहिनी रस्त्यावर उभी राहून कुणाची तरी गाडी मागायची आणि घरी येऊन नवऱ्याला त्याबद्दल टोचायची.

“जागा भरून टाक,” दादा म्हणाला. “ड्रम पुन्हा वाजव, वर गिटार टाक. दोन तास आहेत. चार वाजता स्वच्छ टेप दे, सही कर आणि मोकळी हो.”

“आणि तिला पुसून टाकू?”

“पुसून काय टाकायचं? ती नाहीच आहे.”

“तुम्हाला ऐकू येतेय, बाबा.”

“तुझा बाप बरोबर बोलतोय,” मधली म्हणाली. सकाळपासूनचं तिचं हे पहिलं वाक्य. “पुसून टाक.”

वहिनीने मान वळवून तिच्याकडे रोखून पाहिलं. “नवलच आहे. धाकटीचा कागदाचा कपटासुद्धा टाकू न देणाऱ्या तुम्ही. पुसून टाक म्हणता?”

“पोरीचं नुकसान व्हायला नको म्हणून.”

“पोरीचं नुकसान मी बघेन. तुमचा चेहरा का असा पांढराफटक पडलाय, ते सांगा.”

“लाखेचा धूर लागला.”

“दिवा तर केव्हाचा विझलाय, वन्सं.”

खाई त्याला खवखवे म्हणतात ते खोटं नाही. मधलीने दिव्याकडे पाहिलं. खरंच विझला होता, आणि ती थंड लाखेवर अंगठा दाबून बसली होती.

कारण तिला माहीत होतं, हा आवाज धाकटीचा नव्हता.

धाकटी कधी हुंकार देत नसे. ती पुढे गायची, सगळं आयुष्य पुढेच गायली. हुंकार मधलीचा. चौदाव्या वर्षी ट्रम्पेट तोंडाला असताना ती जिन्यावरून घसरली आणि पुढच्या दाताचा टवका उडाला. तेव्हापासून ‘स’ म्हणताना तिच्या दातांतून बारीक शीळ निघायची. पुढे दातावर टोपी बसवली, शीळ गेली, आणि ती कधी होती हे घर विसरलं. टेपवरची बाई ‘सरक’ म्हणत होती आणि दोन्ही वेळा ती शीळ वाजत होती. बावीस वर्षांची मधली, टवका गेलेल्या दाताची, गाणारी. त्या सकाळनंतर तिने गाण्यासाठी तोंड उघडलं नव्हतं. लोक म्हणायचे, बहिणीच्या दुःखाने गाणं सुटलं. तिने लोकांना म्हणू दिलं. पण सुटलेलं गाणं जातं कुठे, हा विचार तिच्या मनात कधी आला नव्हता. ते इथेच होतं तर. याच खोलीत, नव्या टेपवर पोरीने मोकळ्या सोडलेल्या जागांमध्ये.

“ठीक आहे,” भिंगरी उठली. तिचे डोळे भरले होते, पण हनुवटी नानांसारखी पुढे आली होती. “माझ्याच्याने होणार नाही. माझ्या मोकळ्या जागेत कुणी येऊन बसलंय, मी हात धरून उठवणार नाही. तुम्हाला पुसायचं तर तुम्ही पुसा. हे लाल बटण. दाबून धरायचं, बस.”

दादा यंत्रापाशी गेला. त्याने बोट बटणावर ठेवलं. वहिनी दोन पावलं पुढे आली आणि थांबली. एवढा मोठा माणूस, पियानो एकट्याने सरकवणारा, पण बटण दाबलं जाईना.

“एकदा गाडी दिली नाही,” तो म्हणाला, कुणाला ते कळलं नाही. “आता दुसऱ्यांदा मीच.”

“बोट काढ, दादा.”

मधली स्टुलावरून उठली. मांडीवरचा सॅक्सोफोन घरंगळून चटईवर पडला, तरी तिने खाली पाहिलं नाही.

“तो आवाज माझा आहे.”

“काय बोलतेस, मधले?”

“माझा आहे. दात तुटलेला होता तेव्हाचा. शीळ ऐक नीट. आणि गाडी तू दिली नाहीस, खरंय. पण ती म्हणाली, गाडी नाही तर नाही, आम्ही दोघी चालत जातो. दोघी. रेकॉर्ड दोघींची होती. पुढे ती, मागे मी. त्या सकाळी मी इथे बसले होते, याच खोलीत, त्या पियानोच्या मागे. तिने खालून रस्त्यावरून हाक मारली. मी ओ दिली नाही.”

“का?” हे भिंगरीने विचारलं.

“कंपनीकडून आदल्या दिवशी रेकॉर्डच्या वेष्टनाचा नमुना आला होता. वर तिचं नाव, हे एवढं. खाली बारीक अक्षरात ‘साथीला दुसरा आवाज’. नाव नाही. मला म्हणायचं होतं, नावाशिवाय मी येत नाही. पण ते म्हणायलाही तोंड उघडावं लागतं. मी म्हटलं, हाक मारू दे. तीनदा मारली. मी बसून राहिले. वाटलं, वर येईल, भांडेल, मग समजूत घालेल. ती आली नाही. धुकं होतं. मला पावलं ऐकू आली, पुलाकडे गेली ती.”

रस्त्यावरून एक सायकल गेली. ती दूर जाईपर्यंत सगळे तिच्या साखळीचा आवाज ऐकत राहिले.

“बत्तीस वर्षं,” दादा म्हणाला.

“हो.”

“मी चाक हातात धरलं नाही. पोरांना घेऊन ही पावसापाण्यात रस्त्यावर उभी राहिली. नाना जाईपर्यंत माझ्याशी धड बोलले नाहीत. आणि तू शेजारी बसून झडपांना गाद्या बसवत होतीस.”

“हो.”

“एकदा तरी बोलायचंस. नाना गेले तेव्हा तरी.”

“तेव्हा जास्तच अवघड झालं होतं.”

“लाज वाटली नाही?”

“तीच तर वाटत होती रे. दुसरं काही वाटायला जागाच नव्हती.”

दादाने हात उगारला असता तर तिला बरं वाटलं असतं. त्याने तसं काही केलं नाही. तो पियानोच्या कडेला बसला आणि थंड चहाचा एक कप उचलून, सायीसकट, औषध घ्यावं तसा पिऊन टाकला. वहिनी त्याच्या मागे जाऊन उभी राहिली. तिने कधी नव्हे तो चारचौघांत त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मधलीशी ती बोलली, पण बघत होती नवऱ्याच्या डोक्याकडे. “तुम्ही गप्प राहिलात, वन्सं, पण टोचत मी होते. रोज. टाचणीचा डबाच आहे मी. आपलेच दात आणि आपलेच ओठ. कुणाला काय सांगायचं?”

“आत्या,” भिंगरी हळूच म्हणाली. ती यंत्रापाशी होती, हेडफोनची एक बाजू कानाला लावून. “आत्या, ती गेली.”

“कोण?”

“दुसरं गाणं लावलंय. ऐका.” तिने आवाज मोठा केला. *दाराला कडी नाही, तरी दार उघडत नाही*, आणि मागून ड्रम. नुसते ड्रम. श्वास नाही, शीळ नाही. तिने तिसरं लावलं, पाचवं लावलं, सातवं लावलं. प्रत्येक ओळीमागची जागा झाडून पुसून ठेवलेल्या खोलीसारखी रिकामी.

सुटका वाटायला हवी होती. पण चौघंही त्या रिकाम्या जागा ऐकत बसले, आणि मधलीला वाटलं की आवाज होता तेव्हापेक्षा या जास्त भयंकर आहेत. मघाशी तिथे कुणीतरी होतं. आता तिथे कुणीतरी वाट बघत होतं.

“तीन वाजलेत,” भिंगरी म्हणाली. “नऊ गाणी, पाऊण तास. एकदाच गायचं, थांबायचं नाही.”

“मी?”

“मग कोण? आई?”

“माझा आवाज ऐकून कंपनी बुडेल,” वहिनी म्हणाली.

“माझं गाणं गेलं, पोरी. घसा गंजलाय.”

“गंजलेली वाद्यं तुम्ही रोज वाजती करता, आत्या. आणि मी कागदावर तुमचं नाव लिहिणार आहे. माझ्याएवढ्याच अक्षरात. त्यांना पटलं तर रेकॉर्ड घेतील, नाहीतर राहू दे. एकटीने केलं, एकटीने केलं, हे माझंही खरं नव्हतंच. जागा सोडत होते ना मी?”

मधलीने दादाकडे पाहिलं. परवानगी मागत होती की शिक्षा, तिलाच कळत नव्हतं. दादाने रिकामा कप ट्रेमध्ये परत ठेवला.

“त्या दिवशी हाकेला ओ दिली नाहीस,” तो म्हणाला. “आज तरी दे.”

माफी नव्हती ती. पण माइकपर्यंत जायला पुरेशी होती.

तिने हेडफोन घातले, माइकसमोर उभी राहिली. पहिल्या दोन जागा हुकल्या, घशातून नुसती खरखर आली. तिसऱ्या जागेला आवाज निघाला. जुना, कडेला फाटलेला, पण सुरात. भिंतीवरच्या तारा गुणगुणल्या. वहिनीने ते ऐकून डोळ्यांना पदर लावला. पुढे मधलीला फारसं आठवलं नाही. गाणी एकामागून एक येत गेली. *घरभर दिवे लावले, तरी माझी सावली पडेना…* आणि ती उत्तर देत गेली. चौथ्या-पाचव्या गाण्यानंतर हेडफोनमधला भिंगरीचा आवाज फार जवळून आल्यासारखा वाटायला लागला, अगदी खांद्यालगत, गालावर श्वास लागावा तसा. तिने डोळे मिटून घेतले आणि उघडले नाहीत. शेवटच्या गाण्यात तर कुणीतरी तिचं मनगट धरलं होतं, गाताना ओळ कधी संपते ते कळावं म्हणून पूर्वी धरायची एकजण तसं. भिंगरी असेल, असं तिने स्वतःला सांगितलं. टेप थांबल्यावर डोळे उघडले तेव्हा भिंगरी खोलीच्या दुसऱ्या टोकाला यंत्रापाशी बसलेली होती.

मधलीने मनगट पदराखाली घेतलं.

चारला पाच कमी असताना कंपनीचा माणूस जिना चढून आला. मध्यमवयीन, धापा टाकणारा, बगलेत फायलीची पिशवी. त्याला गाण्यापेक्षा कागदांची सवय जास्त दिसत होती. भिंगरीने सगळं एका दमात सांगून टाकलं: दुसरा आवाज आत्याचा, नाव माझ्याएवढं, एकटीने केलं असं छापायचं नाही. तो कपाळाला आठ्या घालून ऐकत राहिला.

“जाहिराती छापल्यात, बाई.”

“मग पुन्हा छापा.”

“पुन्हा छापा म्हणजे काय, पोळी उलटवायचीय?” तो म्हणाला. पण हेडफोन त्याने घेतले, आणि एक गाणं ऐकता ऐकता खुर्चीत टेकला. दुसरं ऐकलं. पाय ठेका धरायला लागला. मधली दाराशी उभी होती. तिला त्याच्या चेहऱ्याशिवाय काही दिसत नव्हतं. पाचव्या गाण्याला त्याने डोळे मिटले.

“घेतो,” तो म्हणाला. “वर भांडायला लागलं तर भांडतो. असं ऐकलं नाही मी.” त्याने कागद काढला, जुनी ओळ खोडली, पेन भिंगरीपुढे धरलं. “नावं लिहा. मुख्य आवाज, तुम्ही. मागून उत्तर देणाऱ्या, तुमच्या आत्या. आणि तिसऱ्या?”

“तिसऱ्या कोण?”

“पुढे गाणाऱ्या दोघी आहेत ना. एक तुम्ही, आणि एक तुमच्यासोबत, जराशी आधी. अर्धा श्वास आधी उचलतात त्या. मला आधी वाटलं तुम्हीच दोनदा गायलात, पण नाही, गळा वेगळा आहे. फार गोड आहे.” तो कागद सारखा करत होता, त्याला कुणाचे चेहरे दिसले नाहीत. “पाचव्या गाण्यात तर हसल्यात मध्येच. ते राहू द्या, छान वाटतं.”

वहिनीने भिंगरीचा दंड धरला.

दादा पियानोपासून उठला. त्याने भिंगरीच्या हातातलं पेन घेतलं, वाकला, आणि तिसऱ्या ओळीवर एक नाव लिहिलं. बत्तीस वर्षांत या घरात ते नाव कुणी मोठ्याने घेतलं नव्हतं, मग लिहिणं तर लांबच. अक्षर सरळ आलं.

“नातं?” माणसाने विचारलं.

“धाकटी बहीण.”

“त्यांची सही लागेल. टपालाने नाही चालायची, माझ्यासमोर हवी.” त्याने घड्याळात बघितलं. “घरी आहेत का त्या?”

दादाने मधलीकडे पाहिलं. मग तिच्या खांद्यावरून, तिच्या मागच्या उघड्या दाराकडे.

“आहे,” तो म्हणाला.

मधलीने मागे वळून पाहिलं नाही. ती फक्त दारातून जराशी बाजूला झाली.